‘गोळ्या बंद, मणका मोकळा’ म्हणणाऱ्या सेंटरचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात आहे. सकाळी कंबर जाम. चाललं-फिरलं की सुटते, पडून राहिलं की पुन्हा आखडते. गादी सरकल्याचं दुखणं बहुतेक वेळा याच्या उलट वागतं. तरी कोल्हापुरातल्या त्या थेरपी सेंटरवाल्यानं (नाव लिहीत नाही) एक्स-रे उजेडाला धरून ‘गादी दबलीय’ असं ठोकून दिलं.

पॅकेज ४५ हजारांचं, सगळे आगाऊ. पावतीवर बारीक अक्षरात ‘सदस्यत्व शुल्क, परत मिळणार नाही’. उपचार काय, तर थरथरणारा पट्टा, गरम बेड, आणि मान-कंबर कडाकडा मोडणं. दुखणं वाढलं की ‘विष बाहेर पडतंय’, कमी झालं की ‘बघा, गुण आला’. आजारच कमी-जास्त होणारा, म्हणजे दोन्हीकडून त्यांचंच खरं! वर ‘एचएलए-बी२७ निगेटिव्ह करून देतो’ हेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. अहो, एचएलए-बी२७ हा या आजाराशी जोडलेला जनुक, तो जन्मासोबत येतो. चोळून जनुक बदलत असते तर आमच्या तालमींतल्या निम्म्या पैलवानांचे बदलले असते.

पैशापेक्षा मोडामोडी भयंकर. या आजारात मणके एकमेकांना चिकटत जातात, हाडं ठिसूळ होतात. असा मणका झटक्यानं मोडला तर मज्जारज्जूलाच इजा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मणके चिकटलेल्या रुग्णांना असे झटके देऊ नयेत, असं स्पष्ट म्हटलंय. इथं कुणी साधं विचारलंही नाही.

त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या बंद होत्या. त्यातच डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, निघाली. या आजारात ती होतेच काहींना, आणि वेळेत उपचार नाहीत तर नजरेवर जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी ड्रॉप्स सुरू केले, मग आम्हाला झापलं.

चीड कशाची, तर व्यायाम या आजारात खरंच लागतो. पाठीचे ताण, छाती भरून श्वास, जमलं तर पोहणं. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतलं की रोज घरच्या सतरंजीवर होतं, औषधं चालू ठेवूनच. त्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून हे लोक रुग्णाला झोपवून मशीन चालवतात.

ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार केली, मग वकिलाची नोटीस पाठवली. निम्मे पैसे परत आले, तेही ऑनलाइन भरल्याची नोंद आणि तो ‘निगेटिव्ह’चा मेसेज हातात होता म्हणून. मेसेज डिलीट करू नका, आणि रोख तर अजिबात देऊ नका.