टीआयचा बीए टू प्लस: सीएफएला हवाच, जीमॅटच्या दारात मात्र बंदी

नोकरी सांभाळून सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली व्यावसायिक परीक्षा) लेव्हल वन आणि जीमॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) एकाच वर्षात उरकायचं ठरवलं, की पुस्तकांच्याही आधी घरात येणारी वस्तू म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस हा कॅल्क्युलेटर. सीएफएच्या परीक्षेला दोनच घराण्यांचे कॅल्क्युलेटर चालतात: हा आणि एचपी १२सी. एचपी दणकट आहे, पण त्याच्या मूळ मॉडेलची ‘आधी आकडे, मग चिन्ह’ ही पद्धत अंगवळणी पाडायला लागणारा वेळ दोन परीक्षा अंगावर घेतलेल्या माणसाकडे नसतो. त्यामुळे बीए टू प्लस घ्यावा का, तर बिनधास्त घ्यावा. फक्त खोक्यातून काढला तसाच वापरायला घेऊ नये, आणि दिवसातला काही वेळ तो खणात पडून राहील अशी सोय करावी.

नव्या यंत्रात दोन गोष्टी आधी बदलायच्या. पडद्यावर दशांशानंतर दोनच आकडे दिसतात. आतला हिशेब पूर्ण अचूकतेने चालतो, पण आपण पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवतो, तोच पुन्हा दाबतो आणि तिथे फसतो. ८ टक्क्यांचा १० वर्षांचा डिस्काउंट फॅक्टर (१० वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत) ०.४६३१९ आहे, पडद्यावर ०.४६ दिसतो. १,००० ला गुणलं की ४६३.१९ च्या जागी ४६०. पर्याय जवळजवळचे असतील तर मार्क गेला. म्हणून सेकंड (कळांचं दुसरं काम सुरू करणारी कळ), फॉरमॅट (टिंबाची कळ), ४, एंटर. मधली उत्तरं कागदावर न उतरवता एसटीओ (साठवण्याची कळ) दाबून ० ते ९ पैकी एका कप्प्यात ठेवावीत. दुसरी गोष्ट आकडेमोडीच्या क्रमाची. मूळ सेटिंग ‘चेन’चं असतं, त्यात १ + २ × ३ चं उत्तर ९ येतं. त्याच फॉरमॅटमध्ये खालच्या बाणाने चार पायऱ्या उतरून सीएचएन दिसलं की सेकंड, सेट दाबावं. एओएस (आधी गुणाकार, मग बेरीज) आलं की उत्तर ७.

या यंत्राचा खरा जीव वरून तिसऱ्या ओळीतल्या पाच कळांत आहे: एन (हप्त्यांची संख्या), आय/वाय (वार्षिक दर), पीव्ही (आजची किंमत), पीएमटी (दर हप्त्याची रक्कम), एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम). १० वर्षांचा बाँड, दर्शनी किंमत १,०००, वर्षाला ७० कूपन (व्याज), अपेक्षित परतावा ८ टक्के. १० एन, ८ आय/वाय, ७० पीएमटी, १००० एफव्ही, मग सीपीटी (उत्तर काढण्याची कळ), पीव्ही. उत्तर −९३२.९० आलं पाहिजे. हाच बाँड पहिल्या दिवशी चाचणी म्हणून करून बघा. १,६११ च्या आसपास उत्तर आलं तर पी/वाय (वर्षाला किती हप्ते) १२ वर आहे, म्हणजे यंत्र ८ टक्क्यांचे बारा तुकडे करतंय. सेकंड, पी/वाय, १, एंटर. सी/वाय (वर्षातून किती वेळा व्याज जोडायचं) आपोआप सोबत बदलतं. मग ते कायम १ वरच ठेवावं आणि सहामाही कूपन असेल तर एन दुप्पट, दर आणि कूपन निम्मं असं स्वतः करावं. उत्तर ९७०.४८ आलं तर बिगिन मोड (हप्ता काळाच्या सुरुवातीला धरणारा) चालू राहिलाय. पडद्यावर बारीक अक्षरात बीजीएन दिसतं, पण घाईत नजर तिकडे जात नाही. आणि ८ च्या जागी ०.०८ टाकू नये. टक्के टक्क्यांतच द्यायचे.

यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट अशी की सेकंड, सीएलआर टीव्हीएम दाबल्यावर पाचही आकडे पुसले जातात, पण पी/वाय आणि बिगिन मोड जागचे हलत नाहीत. ‘मी तर क्लिअर केलं होतं’ म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. एरर ५ दिसला तर यंत्र बिघडलेलं नसतं, चिन्ह चुकलेलं असतं: परतावा काढताना खिशातून गेलेली रक्कम उणे द्यावी लागते. तिन्ही रकमा अधिक दिल्या तर उत्तरच निघत नाही.

कॅश फ्लोच्या कप्प्यातही जुनं मागे उरतं. यंत्र बंद करूनही ते जात नाही, सीएफ दाबून आत गेल्यावर सेकंड, सीएलआर वर्क दाबावंच लागतं. आज १,००० गुंतवले, पुढे दोन वर्षं ३०० आणि तिसऱ्या वर्षी ६०० मिळाले, दर १० टक्के. सीएफओ (आजची रक्कम) −१०००, सी०१ ३००, एफ०१ (ती किती वेळा) २, सी०२ ६००, मग एनपीव्ही (निव्वळ आजची किंमत) दाबून आय मध्ये १०, खालचा बाण, सीपीटी: −२८.५५. हा आय वरच्या आय/वायपेक्षा वेगळा आहे, तिथला दर इथे आपोआप येत नाही. स्टॅटच्या भागात एसएक्स नमुन्याचं प्रमाण विचलन आणि σएक्स पूर्ण समष्टीचं. प्रश्नात दिलंय कोणतं आणि उचललं कोणतं, एवढं बघितलं की झालं.

तक्रार कळांबद्दल आहे. भराभर दाबताना एखादा शून्य नोंदवलाच जात नाही, १,००० चे १०० होतात. आकडा दाबल्यावर पडद्याकडे बघून मगच पुढची कळ, ही सवय मॉक (सराव) परीक्षेपासूनच लावावी. लेव्हल वनला १३५ मिनिटांत ९० प्रश्न, असे दोन भाग. प्रश्नाला दीड मिनिट. त्या वेगात चुकलेली कळ सापडत नाही.

आता जीमॅट. तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. क्वांटच्या (गणिताच्या भागाच्या) २१ प्रश्नांना ४५ मिनिटं आणि कॅल्क्युलेटर अजिबात नाही. डेटा इनसाइट्सच्या (तक्ते, आलेख वाचण्याच्या भागाच्या) २० प्रश्नांना पडद्यावरचा साधा मिळतो. सीएफएच्या सरावाने आकडा दिसला की बोटं कळांकडे धावतात, आणि नेमकी हीच खोड क्वांटमध्ये घात करते. १५ टक्के वाढ, नंतर २० टक्के घट: बोटं १.१५ × ०.८ शोधतात, तर डोक्याने २३/२० × ४/५ = २३/२५, म्हणजे ८ टक्के घट, असं व्हायला हवं. तिथले आकडे छेद जाण्यासाठीच निवडलेले असतात. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या पिढीला हे शिकवावं लागलं नसतं.

म्हणून क्वांटचा सराव सकाळी, यंत्र खणात ठेवून; सीएफए संध्याकाळी, यंत्र हातात घेऊन. एकाच बैठकीत दोन्ही करू नये. डेटा इनसाइट्ससाठी जीमॅटच्या अधिकृत फुकट सराव परीक्षांतला पडद्यावरचाच वापरावा. तारखांचंही तसंच. लेव्हल वन फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी चारदाच असते, जीमॅट वर्षभर देता येते आणि गुण पाच वर्षं चालतात. तेव्हा सीएफएची खिडकी आधी ठरवून जीमॅट तिच्या किमान दोन महिने आधी संपवावी. सीएफए इन्स्टिट्यूट लेव्हल वनला साधारण ३०० तास सांगते, त्यातले शेवटचे तास जीमॅटच्या वाट्याला जाता कामा नयेत.

याचंच प्रोफेशनल मॉडेल महाग आहे. त्यात एमआयआरआर (परताव्याचा सुधारित दर), पेबॅक (पैसे वसूल व्हायला लागणारा काळ), मॉडिफाइड ड्युरेशन (व्याजदर बदलल्यावर बाँडची किंमत किती हलते) थेट निघतं, धातूच्या अंगामुळे हातात भक्कम वाटतं. लेव्हल वनसाठी साधं मॉडेल पुरतं. पुढे एफआरएम (जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा) द्यायचा विचार असेल तर तिथेही हेच चालतं, तेव्हा जास्तीचे पैसे घालायचे की नाही हे ड्युरेशनचे प्रश्न सोडवून कंटाळा आल्यावर ठरवावं.

साध्या मॉडेलला सीआर२०३२ सेल लागतो आणि तो बदलला की सगळं सेटिंग मूळ जागी जातं, दोन दशांश आणि चेनसकट. परीक्षेच्या आदल्या रात्री सेल बदलू नये, दोनेक आठवडे आधी बदलावा. सेकंड, रिसेट, एंटर दाबून सगळं पुसायचं आणि चार दशांश, एओएस, पी/वाय १ हे न बघता परत लावायचं, हा सराव अर्ध्या मिनिटात जमायला हवा. नंतर वरचा बाँड एकदा करून −९३२.९० येतंय का बघावं.