धावणं तपासायचं: फोनवर की लॅबमध्ये?
"गुडघा दुखतोय. लॅबमध्ये धावणं तपासून घेऊ, की फोनवर व्हिडिओ काढला तरी भागेल?" धावणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं.

आधी काय दिसतं ते पाहू. पाऊल जमिनीवर जेमतेम पाव सेकंद टेकतं. सेकंदाला 30 फ्रेमच्या साध्या व्हिडिओत त्याची सात-आठच चित्रं मिळतात, 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये साठेक. पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं, कंबर एका बाजूला कलते का, गुडघा आत वळतो का, हे त्यात नीट कळतं. फोन मात्र स्टँडवर, कमरेच्या उंचीला, एकदा बाजूनं आणि एकदा मागून लावा. तिरका लावला की कोन हमखास फसवतात.

पण व्हिडिओत जोर दिसत नाही. धावताना पाय टेकला की वजनाच्या दोन-तीन पट बल येतं. ते लॅबमधली फोर्स प्लेट, म्हणजे जमिनीत बसवलेली बल मोजणारी पाटी, मोजते. अंगावर चिकटवलेले मार्कर, म्हणजे खुणेचे ठिपके, टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची माहिती जोडली की सांध्यावरचा ताण आणि डाव्या-उजव्या पायातला फरक आकड्यांत मिळतो.

खर्चात तुलनाच नाही, फोन कितीतरी स्वस्त. शिवाय फोनची तपासणी दर महिन्याला करता येते.

मैत्रिणीला मी फोनच सांगितला. ती लांब ढांगा टाकते, आणि ते फोनवरही दिसतं. वेग तोच ठेवून मिनिटाची पावलं 5 ते 10 टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणाऱ्यानं किंवा तीच दुखापत पुन्हा पुन्हा होणाऱ्यानं लॅबच गाठावी. गुडघ्याला सूज असेल तर आधी डॉक्टर.