पहिलं रिस्टोरेशन: आरएक्स १०० की येझदी रोडकिंग?

जुनी मोटारसायकल उघडून पुन्हा नव्यासारखी करायची, म्हणजे रिस्टोरेशन; त्यासाठी घरच्या पार्किंगमध्ये उघडायला या दोघींपैकी कुठली घेऊ, असं भाच्यानं विचारलं. यामाहा आरएक्स १०० बंद होऊन जमाना झाला, तरी मालक भाव सोडत नाहीत. पण ९८ सीसीचं इंजिन एकट्यानं उचलून टेबलावर ठेवता येतं. पार्ट भरपूर, नकलीही तितकेच. इंजिनला ऑइल पुरवणारा पंप आधी तपास. तो बंद पडला की पिस्टन जाम. येझदीत ती कटकट नाही, ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. मात्र सायलेन्सर दोन, म्हणजे क्रोमचा खर्चही दुप्पट. शिवाय किक आणि गिअरला एकच दांडी. आतली जुळणी नवख्याचा घाम काढते. आरसीवरचा चेसिस नंबर जुळत नसेल तर कुठलीच फुकटसुद्धा नको. लवकर रस्त्यावर आणायची असेल तर आरएक्स. निवांत खुटखुट करायची हौस असेल तर येझदी.