ठिबकणारा शॉवर: वायसर, स्पिंडल, कार्ट्रिज की अख्खा मिक्सर?

शॉवर ठिबकायला लागला की बरेच जण आधी वरची तबकडीच बदलतात आणि ठिबक तशीच राहते. कारण तबकडीत पाणी अडवणारं काही नसतंच, ती नुसती चाळणी असते. पाणी अडतं ते खाली, भिंतीवरच्या किंवा भिंतीतल्या कॉकमध्ये. म्हणून काय बदलायचं हे ठरवण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. त्याला एकही पाना लागत नाही.

आंघोळ झाल्यावर शॉवर बंद करून अर्धा तास थांबा. मोठ्या चौकोनी तबकडीत आणि तिच्या दांड्यात पाणी साठून राहतं आणि ते हळूहळू टपकतं. तबकडी हाताने तिरकी केली की भसकन खाली येतं. अर्ध्या तासात थांबत असेल तर बिघाड नाही, काहीच करू नका. रात्रभर चालू असेल तर खाली बादली ठेवून सकाळी पाणी किती जमलं ते बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, त्यामुळे टँकर घेणाऱ्या सोसायटीत हे पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखं काम नाही.

भिंतीवर गरम-गार असे दोन नॉब आणि खाली बादलीचा नळ असलेला मिक्सर असेल, तर डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की बादलीच्या नळाकडे हे ठरवणारी कळ) बादलीकडे फिरवा. ठिबक शॉवरातून थांबून खालच्या नळातून सुरू झाली, तर डायव्हर्टर ठीक आहे. दोन नॉबपैकी एकाचा स्पिंडल, म्हणजे नॉबच्या आतला पाणी उघडबंद करणारा भाग, पाणी सोडतोय. मग गिझरचं बटण बंद करा आणि गिझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. ठिबक थांबली तर गरम बाजू, नाही थांबली तर गार. आता दोनऐवजी एकच स्पिंडल आणावा लागेल.

याउलट सगळं बंद असताना एक थेंबही पडत नाही, पण बादली भरताना वरून धार येते, तर दोष डायव्हर्टरचा. त्यात पाणी फारसं वाया जात नाही. सवडीने केलं तरी चालतं.

वायसर की स्पिंडल

नॉब बंद करायला दोन-तीन वेढे फिरवावा लागत असेल तर आत रबरी वायसर आहे. पाव वेढ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या आहेत.

वायसर दहा-वीस रुपयांचं काम आहे, म्हणून मोह होतो. पण तो काढल्यावर आत बोट घालून पितळेची बैठक चाचपा, जिच्यावर तो दाबला जातो. गुळगुळीत लागली तर नुसता वायसर पुरे. खरखरीत लागली, खाच लागली, तर नवा वायसरही काही आठवड्यांत कापला जाईल. बैठक घासून सपाट करायचं हत्यार प्लंबरकडे असतं. घासूनही खाच राहिली तर मिक्सर बदलायची वेळ आली असं समजा. आणि कृपा करून नॉब जोर लावून आवळू नका. त्या दिवशी ठिबक थांबते, पण वायसर आणि बैठक दोन्ही लवकर खराब होतात.

चकत्यांच्या स्पिंडलला दुरुस्ती अशी नाहीच. टाकी धुतल्यानंतर लगेच ठिबक सुरू झाली असेल, तर एखादा वाळूचा कण अडकलेला असू शकतो. स्पिंडल काढून स्वच्छ पाण्यात धुऊन एकदा लावून बघा. चकतीवर ओरखडा दिसला तर नवीनच घ्या. काहीशे रुपये जातात, पण माझ्या मते हाच खर्च सगळ्यांत सार्थकी लागतो. दुकानात जुना स्पिंडल सोबत न्या. वरचे दाते, लांबी आणि आटे जुळले नाहीत तर नॉब बसत नाही.

कार्ट्रिज की अख्खी फिटिंग

एकाच दांडीने गरम-गार होणाऱ्या फिटिंगमध्ये आत कार्ट्रिज असते, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा आणि अडवणारा एकच भाग. दांडीवरची लाल-निळी टिकली काढली की खाली ॲलन कीचा (षटकोनी किल्लीचा) स्क्रू दिसतो, मग झाकण, मग कार्ट्रिज दाबून धरणारा नट. कार्ट्रिज शक्यतो त्याच कंपनीची घ्या आणि आधी वॉरंटी कार्ड शोधा.

इथे मिक्सर कुठे बसवलाय यावर सगळं ठरतं. भिंतीबाहेरचा मिक्सर बदलणं सोपं: त्याच्या दोन पायांतलं अंतर साधारण १५० मिमी असतं आणि पाय थोडे फिरवून जुळवता येतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचाही फरशीला धक्का न लावता बसतो. पितळ हिरवट-पांढरं पडलंय, बैठक गेलीय, सुटे भाग मिळत नाहीत, असं असेल तर तो खुशाल बदला. भिंतीतली फिटिंग बदलायची तर टाइल फोडावी लागते आणि दहा वर्षांपूर्वीची तीच टाइल बाजारात मिळेलच असं नाही. म्हणून भिंतीतल्या फिटिंगला कार्ट्रिजसाठी चार दुकानं पालथी घालावी लागली तरी घाला. ‘सगळंच नवीन करू’ या सल्ल्याला लगेच हो म्हणू नका.

स्वतः की प्लंबर

भिंतीबाहेरच्या मिक्सरचा वायसर किंवा स्पिंडल घरी नक्की जमतो. अडचण पान्याची नसते, पाणी बंद करण्याची असते. बाथरूमला स्वतंत्र व्हॉल्व नसेल तर गच्चीवरची लाइन बंद करावी लागते आणि त्याच लाइनवर वरच्या-खालच्या मजल्यांची बाथरूम असतात. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला सांगून दुपारची वेळ धरा. स्पिंडल काढल्यावर, नवा बसवण्याआधी, कुणाला तरी व्हॉल्व क्षणभर किंचित उघडायला सांगून आतली घाण वाहू द्या. गरम बाजू असेल तर गिझर आधीच बंद असावा आणि पाणी निवलेलं असावं.

भिंतीतल्या फिटिंगसाठी मात्र मी प्लंबरच बोलवायला सांगेन. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपवर बसवलेल्या फिटिंगला मोठ्या पान्याने हिसका दिला तर आतला जोड पिळला जातो आणि मग गळती भिंतीत सुरू होते, जी खालच्या घराच्या छतावर ओल आल्यावरच कळते. जुन्या इमारतींत लोखंडी पाइप असतील तर शॉवरचा दांडाही स्वतः काढू नका. गंजलेले आटे आतच तुटतात.

बोअरचं पाणी असेल तर तबकडीची भोकं क्षारांनी बुजून धार वेडीवाकडी उडते. हा ठिबकेपेक्षा वेगळा आजार आहे. तबकडी काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासा. फरशीचं ॲसिड लावू नका, क्रोमचा मुलामा निघतो. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे आवळतात त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर ती बसवतानाच सुटते आणि मानेपाशी नवी गळती सुरू होते.