डुप्लिकाटी, आठ महिन्यांनंतर: हिरवी टिक आणि पोकळ बॅकअप

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. हळदीचे अडते, दोन किराणावाले, एवढाच पसारा. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा पीसी गेला, तेव्हाच ठरवलं होतं की टॅलीचा डेटा गावाबाहेरही असला पाहिजे. मुहूर्त लागला डुप्लिकाटी हे बॅकअप सॉफ्टवेअर बसवल्यावर. फुकट, ओपन सोर्स, सगळं कूटबद्ध करून रोज रात्री मिरजेत मेव्हण्याकडच्या डिस्कवर पाठवतं. पहिले चार महिने तक्रारीला जागाच नव्हती.

मग मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, डिस्क भरली."

डिस्कवर पन्नास-पन्नास एमबीच्या डीब्लॉक फायली होत्या, म्हणजे डेटाचे तुकडे भरलेली गाठोडी. जुन्या त्या टाकाऊ असं समजून सर्वांत जुन्या तीसेक उडवल्या. हा खुळेपणाच होता, कारण डुप्लिकाटी एकदा चढवलेला तुकडा पुन्हा चढवत नाही. आजच्या फाईलचा निम्मा भाग पहिल्या दिवशीच्याच डीब्लॉकमध्ये असू शकतो. त्या रात्री फायली गायब असल्याची एरर आली. डुप्लिकाटीच्या 'रिपेअर' या दुरुस्तीच्या कमांडनेही भागेना, कारण त्यांतले काही तुकडे आता मूळ डेटातही जसेच्या तसे नव्हते.

इथे थांबायला हवं होतं. मी सर्व्हिस बंद केली, डिस्कवर काय चढवलंय याची नोंद ठेवणारा, माझ्याच पीसीवरचा एसक्यूलाइट डेटाबेस उघडला आणि 'रिमोटव्हॉल्यूम' टेबलमधून त्या फायलींच्या ओळी काढून टाकल्या. एरर गेली, हिरवी टिक आली. त्या रात्री शांत झोपलो, हे सांगायला आज लाज वाटते.

खरा घोटाळा त्यानंतरचा. 'ब्लॉक' टेबलमध्ये त्या तुकड्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणा, तसेच राहिले होते. (एका टेबलमधली नोंद दुसऱ्यातल्या ओळीवर टेकलेली आहे का, हे बघणारी फॉरेन की तपासणी एसक्यूलाइटमध्ये मुळात बंद असते, त्यामुळे कोणी हटकलंही नाही.) रोजच्या बॅकअपला वाटत होतं की तुकडा डिस्कवर आहे, म्हणून तो पुन्हा पाठवलाच जात नव्हता. हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद गेलेली, वहीत मात्र शिल्लक कायम, आणि त्या शिल्लकेवर रोज नवा व्यवहार! दोन महिने असंच चाललं.

मार्चमध्ये एका अडत्याची कंपनी (टॅलीत एका धंद्याच्या हिशोबाला कंपनी म्हणतात) रिस्टोअर करायला घेतली. फाईल आली, पण हॅश जुळेना आणि टॅली ती उघडेना.

शेवटी जुना डेटाबेस बाजूला ठेवून 'रिक्रिएट' चालवलं. बॅकअपच्या डिस्कवरच्या डीलिस्ट (फायलींची यादी) आणि डीइंडेक्स (कुठला तुकडा कुठल्या डीब्लॉकमध्ये) फायलींवरून डेटाबेस नव्याने उभा राहतो. मग 'लिस्ट-ब्रोकन-फाइल्स'ने यादी काढली, 'पर्ज-ब्रोकन-फाइल्स'ने फुटक्या नोंदी काढल्या आणि पुढच्या बॅकअपला हरवलेले तुकडे चालू फायलींतून परत चढले. चालू वर्ष वाचलं. जुन्या व्हर्जनमधल्या बऱ्याच फायली कायमच्या गेल्या.

आणि जागेसाठी यातलं काहीच करायची गरज नव्हती! 'स्मार्ट रिटेन्शन' लावलं की आठवडाभराची रोजची, महिन्याभराची आठवड्याची आणि वर्षभराची महिन्याची व्हर्जन राहतात, बाकीची जागा कॉम्पॅक्ट करताना (टाकाऊ तुकडे काढून उरलेले एकत्र बांधताना) आपोआप सुटते. आता तेच लावलंय, आणि दर महिन्याला एक कंपनी दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून टॅलीत उघडून बघतो.

सॉफ्टवेअरला साडेचार स्टार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की हिरवी टिक फार लवकर खूश होते. त्या अडत्याची जुनी फाईल त्याच्याच मुलीच्या कॉलेजच्या पेनड्राइव्हवर मिळाली, प्रोजेक्टसाठी तिने कॉपी करून नेली होती.