बंदीची यादी की आगाऊ सूचना?

कृत्रिम अमली पदार्थांना शेत लागत नाही, रसायनं लागतात. म्हणून देशोदेशींच्या सहकार्याचा मोठा भर कच्च्या मालावर असतो.

पहिला मार्ग यादीचा. १९८८ च्या संयुक्त राष्ट्र करारानुसार रसायन यादीत आलं की सदस्य देशांना त्यावर नियंत्रण आणावं लागतं. कायद्याचं बळ मोठं, पण चाल गोगलगायीची. फेंटानिल या अतिशय जहाल कृत्रिम अमली पदार्थासाठी लागणारी एनपीपी आणि एएनपीपी ही रसायनं २०१७ मध्ये यादीत आली. बनवणारे ४-एपी या दुसऱ्या रसायनाकडे वळले. ते यादीत यायला २०२२ उजाडलं. त्या पाच वर्षांत किती घरांत तरणीताठी मुलं गेली असतील!

दुसरा मार्ग ‘पेन ऑनलाइन’चा, म्हणजे निर्यातीआधी ऑनलाइन सूचना देण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा, २००६ पासूनचा. निर्यात करणारा देश माल निघण्याआधीच कळवतो: कोणतं रसायन, किती किलो, कोणाला. तिकडचा अधिकारी पत्ता तपासतो. तिथे कारखान्याऐवजी कुलूपबंद गाळा निघाला, तर तो हरकत घेतो आणि पिंप बंदरातच अडवता येतं. मला हाच मार्ग अधिक कामाचा वाटतो, कारण तो नुकसान होण्याआधी हात धरतो. अर्थात त्याचाही मुख्य आधार यादीच. यादीबाहेरच्याही संशयास्पद मालाची खबर एकमेकांना देण्यासाठी २०१२ पासून ‘पिक्स’ ही वेगळी व्यवस्था आहे.

आपल्याला हे दूरचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला, आणि तपासाचे धागे थेट लंडनपर्यंत गेले.