१/१६ टायगर: चालतो झकास, पण नक्की कुठल्या सालचा?

रिमोटवर चालणारा १/१६ चा (म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढा) टायगर-१ घेतलाय, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टँकचं मॉडेल. कंपनीचं नाव घेत नाही, तसंही हाच माल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून फिरत असतो. वीस हजारांच्या वर गेला, कस्टमचा दणका वेगळा. तोफेच्या नळीसकट त्रेपन्न सेंटीमीटर लांब, त्यामुळे घरात पहिला प्रश्न आला की हे धूड ठेवणार कुठे. गिअरबॉक्स दणकट, आवाज बरा, पॅकिंग एक नंबर. नुसता गच्चीवर पळवायला हवा असेल तर डोळे झाकून घ्या, पैसे वसूल.

पण खोक्यावर 'हिस्टॉरिकली अ‍ॅक्युरेट' छापलंय ना, तिथे माझं डोकं फिरलं. चाकं दिलीत स्टीलच्या रिमवाली, जी खऱ्या टायगरला फेब्रुवारी १९४४ पासून लागली. त्या वेळी फॅक्टरीतून निघणाऱ्या प्रत्येक टायगरवर झिमेरिटचा खरबरीत लेप असायचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून, ऑगस्ट १९४३ च्या अखेरीपासून सुरू झाला), इथे बॉडीवर लेपाचा पत्ता नाही. मागे फायफेल एअर फिल्टर लावलेत, ते १९४३ संपेपर्यंत बंद झाले होते. वर ड्रमसारखा उंच कपोला (कमांडरची बाहेर बघायची घुमटी), तो जुलै १९४३ च्या सुमारास बदलला. आणि कहर म्हणजे डेकल शीटवर (चिकटवायच्या नंबर-चिन्हांच्या कागदावर) नंबर १३१! हा तोच टायगर जो ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला आणि आता इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे, अजून चालतो. त्याच्या पकडण्याच्या वेळी स्टीलची चाकं जन्मालाही आली नव्हती. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावं तसा प्रकार आहे हा.

त्यात रंग फॅक्टरीतूनच गडद राखाडी, म्हणजे आरएएल (रंगांचे जर्मन क्रमांक) ७०२१. फेब्रुवारी १९४३ मध्ये ऑर्डर निघाली आणि मूळ रंग डार्क यलो झाला, आरएएल ७०२८. म्हणून रंगाची बाटली उघडायच्या आधी महिना आणि आघाडी ठरवा, नाहीतर कितीही महागडा रंग मारा, टँक खोटाच दिसणार. या किटमध्ये सगळ्यात कमी तोडफोडीचा मार्ग म्हणजे फक्त चाकं बदलायची. रबर रिमची चाकं वेगळी मिळतात, ती लावली की फिल्टर, कपोला, बिनलेपाची बॉडी सगळं आपोआप जुळतं आणि जुलै १९४३ चा, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला टायगर उभा राहतो. राखाडी रंग ठेवायचाच असेल तर त्याच वर्षाच्या सुरुवातीचा, रशियातल्या बर्फातला करा, वर पांढरा धुवट थर देऊन. तोही मस्त दिसतो. मी कुर्स्क धरला.

आता सोबत घेतलेला तीन बाटल्यांचा रंगांचा सेट. याचंही नाव नको. हिरवा आणि तपकिरी ठीक आहेत, पण पिवळा फारच पिवळा, खऱ्या ७०२८ मध्ये जो मातकट करडेपणा हवा तो नाहीच. शेवटी तामिया कंपनीची एक्सएफ-६० (डार्क यलो) वापरली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ करून एअरब्रशमधून छान बसते (हा प्रयोग पाण्यावरच्या व्हिनाइल रंगांवर करू नका, रबरासारखा गोळा होतो). एप्रिल-मे मध्ये रंग नोझलवरच वाळतो, थोडं रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) टाकावं लागतं. आणि शेडवरून फार भांडू नका. युद्धात पिवळ्यावर मारायचा हिरवा-तपकिरी रंग पेस्टच्या रूपात तुकडीपर्यंत यायचा, क्रू तो पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात कालवून मारायचे, त्यामुळे शेजारी उभे असलेले दोन टँकसुद्धा सारखे दिसायचे नाहीत. पातळ मारलेला हिरवा, ज्यातून खालचा पिवळा डोकावतो, तो १/१६ मध्ये जबरदस्त दिसतो.

डिटेलिंगमध्ये अजून एक गोची. कंपनीने अख्ख्या बॉडीवर ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा दिलाय, का ते देव जाणे. टायगरची बॉडी रोल केलेल्या सपाट प्लेट वेल्ड करून बनवायचे, टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) बाजूसुद्धा वाकवलेल्या प्लेटच्याच. ओतीव होतं ते मँटलेट, म्हणजे तोफेभोवतीचं चिलखत. ओतीव पोलाद कसं दिसतं ते बघायला नगरच्या टँक म्युझियममध्ये जा, तिथे पाकिस्तानकडून पकडून आणलेले पॅटन टँक उभे आहेत, टरेटजवळ जाऊन नीट बघा. तिथल्या रंगाचा मात्र रेफरन्स घेऊ नका, प्रदर्शनातल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात. मी बॉडी सँडपेपरने गुळगुळीत केली आणि फक्त मँटलेटवर पातळ पुट्टी ब्रशने ठोकून ठेवली.

ट्रॅकला भगवा गंज फासायची फॅशन आहे, ती टाळा. मँगनीज स्टील चालता चालता जमिनीवर घासून चकचकीत होतं, खाचांत काळपट तपकिरी राहतं. गंज दाखवायची हौस मागच्या दोन सायलेन्सरवर भागवा, तिथे तो खरंच असायचा. तोफेच्या नळीला हात लावायची गरज नाही, ६ मिमी छर्ऱ्यांसाठी भोक ठेवलंय आणि ८८ मिमीचं सोळावं म्हणजे साडेपाच, चालून जातं. टो केबल (टँक ओढायचा तारेचा दोर) म्हणून दिलेला सुती दोरा मात्र फेकून द्या, रंग मारला की त्याचे केस उभे राहतात. फ्रेम टांगायची पिळाची तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, थोडी तापवून घेतली की हवी तशी वळते.